पिकमिनचे फूल : व्हिडिओ गेमच्या जाहिरातीसाठी आलेले खरेखुरे रोप

परसदार

निंटेंडो या जपानी कंपनीने २६ ऑक्टोबर २००१ रोजी गेमक्यूब या यंत्रासाठी ‘पिकमिन’ नावाचा व्हिडिओ गेम जपानमध्ये विक्रीला आणला आणि त्या खेळाच्या प्रचारासाठी त्याच नावाचे एक खरेखुरे फूलझाडही तेथे पुढे आणले गेले. ते झाड म्हणजे बॅकोपा या टांगत्या फूलझाडाचा ‘कबाना’ हा वाण, आणि तो वाण सिंजेंटा या स्विस कंपनीच्या बियाणे विभागाचा. खेळाबरोबर बाहुल्या, पेले, चावीचे छल्ले आणि टी-शर्ट विकले जातात, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. मात्र जिला नेमाने पाणी घालावे लागते, जिच्यावर मावा पडू शकतो आणि दुर्लक्ष झाले तर जी वाळून जाते, अशी जाहिरात माझ्या तरी दुसरी पाहण्यात नाही.

ज्यांनी हे झाड जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. टांगत्या कुंडीच्या काठावरून चहूबाजूंनी खाली उतरणारे, बारीक काड्यांचे हे झाड असते. पाने समोरासमोर, लहान आणि कडेने दातेरी असतात. फूल साधारण दीड सेंटिमीटर व्यासाचे, पांढरे आणि पाच पाकळ्यांचे असते. बारकाईने पाहिले तर या पाकळ्या सुट्या नसतात, तळाशी जुळून त्यांची एक आखूड नळी झालेली असते आणि त्या नळीच्या तोंडाशी पिवळा रंग असतो. खेळातील पिकमिन नावाच्या चिमुकल्या जीवांच्या डोक्यावर उमलणारे फूलही पांढरे आणि पाच पाकळ्यांचेच आहे. एखाद्या गुलाबाला किंवा ट्यूलिपला खेळाचे नाव चिकटवून मोकळे होणे सोपे होते. त्याऐवजी हे बारके, कोणाच्या फारसे नजरेत न भरणारे फूल ज्याने निवडले, त्याने खेळ आणि झाड ही दोन्ही नीट पाहिली असली पाहिजेत.

मला दोन गोष्टींवर जाणकारांची मते हवी आहेत. ‘खेळासाठी खास पैदास केलेले फूल’ असे याचे वर्णन सर्रास केले जाते, ते कितपत ग्राह्य मानावे? आणि हे झाड आपल्या हवेत कसे टिकते?

नागपुरी_गेमर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोपवाटिकावाले देतील. मी खेळाच्या बाजूने लिहितो, कारण फुलाची निवड इतकी चपखल का वाटते हे खेळ माहीत असल्याशिवाय उमजत नाही.

कॅप्टन ऑलिमार हा जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा अंतराळवीर आहे. त्याचे यान उल्केला धडकून एका अनोळखी ग्रहावर कोसळते आणि यानाचे ३० भाग इतस्ततः विखुरतात. त्या ग्रहाच्या हवेतील प्राणवायू त्याला विषासमान असतो आणि त्याच्या पोशाखातील यंत्रणा केवळ ३० दिवस टिकणार असते. तेथे त्याला जमिनीत रुजलेले पिकमिन भेटतात. हे जीव निम्मे वनस्पती आणि निम्मे प्राणी आहेत. मातीबाहेर फक्त देठ दिसतो, तो धरून उपटला की खालून चालता-बोलता जीव बाहेर येतो आणि उपटणाऱ्याच्या मागे निमूटपणे चालू लागतो. लाल पिकमिनला आगीचे भय नसते, पिवळा इतरांपेक्षा उंच फेकता येतो आणि निळा पाण्यात बुडत नाही. एका वेळी असे १०० पिकमिन मैदानात उतरवता येतात.

आता फुलाकडे येतो. प्रत्येक पिकमिनच्या डोक्यावरील देठाला प्रथम पान असते, नंतर कळी येते आणि शेवटी फूल उमलते. त्याला उपटण्याची घाई न करता मातीतच थोडा वेळ राहू दिले, किंवा त्याला मैदानात सापडणारा मधुरस पाजला, की ही बढती मिळते. फूल आलेला पिकमिन पान असलेल्यापेक्षा वेगाने पळतो, आणि एखाद्या शत्रूने झटकून दूर भिरकावले तर ते फूल जाऊन पुन्हा पानच उरते. म्हणजे खेळणाऱ्याच्या दृष्टीने ते पांढरे फूल हे नुसते सजावटीचे चित्र नसून धीर धरल्याची पावती असते. फौजेकडे वरून पाहिले की किती डोक्यांवर पान आहे आणि किती डोक्यांवर फूल आहे, यावरून आजचा दिवस कसा जाणार ते समजते.

निंटेंडोचे खेळनिर्माते शिगेरू मियामोतो यांना या खेळाची कल्पना आपल्या बागेत मुंग्यांची ओळ न्याहाळताना सुचली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शिगेफुमी हिनो आणि मासामिची आबे यांनी त्याचे दिग्दर्शन केले. जो खेळ मुळात बागेतून निघाला, त्याची जाहिरात पुन्हा बागेत जाणे हे मला तरी ओढूनताणून केलेले वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत वाजणारे गाणे जपानमध्ये इतके गाजले की त्याच्या तबकड्या खुद्द खेळापेक्षा अधिक खपल्या. फुलाच्या वाट्याला तसली कीर्ती आली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्रयस्थ

वर्णन उत्तम आहे, परंतु ‘खास पैदास’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही. सिंजेंटा ही कंपनीच नोव्हार्टिस आणि अ‍ॅस्ट्राझेनेका यांच्या शेतीविषयक शाखा एकत्र येऊन नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झाली आणि खेळ आला २००१ च्या ऑक्टोबरात. अकरा-बारा महिन्यांत कोणी नवे फूल निर्माण करून, वाढवून, दुकानात मांडत असेल, तर ती जादूच म्हणावी लागेल. आधीच तयार असलेल्या झाडाला खेळाच्या नावाचा कागद लावला, एवढाच याचा अर्थ दिसतो.

तळेगावचा_रोपवाला

त्रयस्थ यांनी काढलेला निष्कर्ष जवळपास बरोबर आहे, पण त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटतात, कारण शोभेच्या झाडांच्या धंद्यात ‘पैदास करणे’ आणि ‘बाजारात आणणे’ ही दोन अगदी भिन्न कामे आहेत आणि बाहेरच्या माणसाला ती एकच वाटतात.

बॅकोपासारख्या झाडाचा नवा वाण करायचा म्हणजे प्रथम दोन जनक झाडे निवडावी लागतात. एकाची वाढ आटोपशीर असते, दुसऱ्याचे फूल मोठे असते किंवा ते लवकर फुलते. त्यांचे हाताने परागीभवन करून जे बी मिळते ते पेरले की उगवणारे प्रत्येक रोप निराळे निघते. शेकडो रोपांतून बहुतेक सारी उपटून टाकली जातात आणि मोजकीच पुढच्या वर्षासाठी ठेवली जातात. जे रोप पसंतीस उतरते ते पुन्हा बियांनी वाढवून उपयोग नसतो, कारण बियांतून गुण पुन्हा विखुरतात. म्हणून त्याच्या शेंड्यांची कटिंग घेऊन, ट्रेमध्ये रुजवून, हुबेहूब तशीच रोपे वाढवली जातात. त्यानंतर ही रोपे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या ऋतूंत लावून पाहिली जातात. फुले सलग येतात का, कांड्या प्रवासात मोडतात का, बंद ट्रकमध्ये दोन दिवस राहिल्यावर पाने पिवळी पडतात का, ही परीक्षा फुलाच्या रूपाइतकीच महत्त्वाची असते. विषाणूमुक्त मातृरोपे तयार करणे आणि वाणाची नोंदणी करणे ही कामे त्याहून पुढची आहेत. नोंदणीसाठी तो वाण इतरांपेक्षा वेगळा आहे, त्याची सर्व रोपे एकसारखी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या ते गुण स्थिर राहतात, हे दाखवून द्यावे लागते. हा सगळा प्रवास सहसा पाच ते आठ वर्षांचा असतो.

याचा अर्थ असा की २००१-०२ च्या सुमारास जे झाड विक्रीयोग्य झाले होते त्याचा मूळ संकर १९९० च्या दशकाच्या मध्याच्या आसपास झालेला असणार. त्या वेळी गेमक्यूब हे यंत्र कोणी ऐकलेलेही नव्हते. सिंजेंटा ही कंपनी नवी असली तरी तिच्याकडे फुलांचा जो विभाग आला तो जुना होता. नेदरलँड्समधील एन्कहाउझेन येथील स्लाउस अँड ग्रोट या बियाणे घराण्याचा वारसा नोव्हार्टिसमार्फत तिच्याकडे पोहोचला होता. तेव्हा माझ्या मते ‘खेळासाठी पैदास केलेले’ यापेक्षा ‘खेळासाठी निवडलेले’ हे वर्णन अधिक योग्य ठरेल. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण तयार वाणांच्या ढिगातून नेमके झाड उचलणे हेही या धंद्यातले मोठे कसब आहे, आणि त्यासाठी वेगळे लोक नेमलेले असतात.

नावाबाबतही एक खुलासा करतो. नोंदणीत वाणाला जे नाव असते ते कायमचे असते, तर दुकानात जे नाव छापले जाते ते व्यापारी नाव असते आणि ते देशागणिक बदलू शकते. गुलाबात हे सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याच्या एकाच पिवळट-गुलाबी गुलाबाला फ्रान्समध्ये ‘मादाम ए. मेयाँ’, इटलीत ‘जोया’, जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’ आणि अमेरिकेत ‘पीस’ म्हणून विकले गेले. हे शेवटचे नाव २९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपत आलेले असताना जाहीर करण्यात आले. झाड तेच राहिले, विक्री मात्र नावाने वाढवली. ‘कबाना’ आणि ‘पिकमिन’ यांचे नातेही याच जातीचे आहे.

जाता जाता सांगतो, सिंजेंटाचे भारतातील मुख्य कार्यालय आमच्या पुण्यातच बाणेरला आहे आणि गोव्यात जुन्या गोव्याजवळ तिची रसायन संशोधनाची मोठी प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे ही कंपनी म्हटले की भाजीपाल्याचे बियाणे आणि औषधाच्या बाटल्याच आठवतात. तिने कधी एखाद्या खेळातल्या बाहुल्याच्या डोक्यावरचे फूल विकले असेल, हे आमच्या गावात कोणाला खरे वाटणार नाही.

अनघा_डोंबिवली

बॅकोपा म्हणजे आपली ब्राह्मी ना? माझ्या सासूबाई ब्राह्मीचे तेल घरी काढतात. मग या टांगत्या कुंडीतल्या झाडाचा पाला त्यासाठी चालेल का?

निवृत्त_वनस्पतीमास्तर

अनघाताई, कृपया असे करू नका. नर्सरीत ‘बॅकोपा’ म्हणून जे टांगते फूलझाड मिळते ते बॅकोपा या प्रजातीचे मुळीच नाही. आपली नीरब्राह्मी म्हणजे बॅकोपा मॉनिएरी. ती ओढ्याच्या काठी, पाणथळ जागी आणि भातखाचरांच्या कडेला जमिनीलगत पसरते. तिची पाने गुबगुबीत, रसाळ आणि बिनदातेरी असतात आणि फूल फिकट जांभळट किंवा पांढरे असते. (बाजारात ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही सर्रास विकली जाते, पण तो वाद येथे नको.) टांगते बॅकोपा मात्र दक्षिण आफ्रिकेतील कीनोस्टोमा कॉर्डॅटम या जातीपासून आलेले आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याला सुटेरा कॉर्डाटा म्हणत आणि व्यापारी अजूनही सुटेराच म्हणतात. दोघांची कुळेही वेगळी आहेत. औषधासाठी त्याचा काहीही उपयोग नाही.

या निमित्ताने एक संदर्भ नोंदवतो, कारण तो या धाग्याच्या विषयाशी थेट जुळतो. या आफ्रिकी झाडाचे शास्त्रीय वर्णन प्रथम कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा हा शिष्य १७७२ ते १७७५ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात वनस्पती गोळा करीत होता आणि तेथून तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर गेला. जपानने त्या काळी परदेशीयांना जवळजवळ दारे बंद केलेली होती, तरीही त्याने मिळेल त्या वाटेने तेथील झाडे जमवली. असे सांगतात की बेटावरील जनावरांसाठी बाहेरून जो चारा येई त्यातूनही तो नमुने निवडून काढी. १७८४ मध्ये त्याने जपानच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या माणसाने या झाडाला शास्त्रात जागा दिली, तोच जपानी वनस्पतींचाही पहिल्या फळीतील अभ्यासक ठरला. आणि सव्वादोनशे वर्षांनी तेच झाड एका जपानी खेळाचे नाव घेऊन जपानच्या दुकानांत उभे राहिले. हा निव्वळ योगायोग आहे, पण शिकवताना असे योगायोग फार कामास येतात.

परसदार यांनी पाकळ्या तळाशी जुळलेल्या असतात असे लिहिले ते अचूक आहे. खेळातील चित्रात मात्र त्या सुट्या दाखवतात, एवढा फरक चालवून घ्यावा.

योकोहामाकर

मी बरीच वर्षे जपानमध्ये राहत आहे, म्हणून ही जाहिरात त्याच देशात का शक्य झाली याबद्दल माझे निरीक्षण मांडतो.

येथील शहरी घरांना अंगण जवळपास नसते. घराचा दरवाजा आणि रस्ता यांच्यामध्ये जी हातभर जागा उरते तिच्यात पायऱ्यांवर, खिडकीच्या कठड्यावर, वीजमीटरच्या खाली, मिळेल तेथे कुंड्या मांडलेल्या असतात. ओसाका येथे १९९० मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनानंतर आणि विशेषतः त्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य धाटणीच्या कुंडीबागांची येथे लाट आली. त्याच्या जरा आधी, १९८९ मध्ये, सनटोरी या मद्य आणि पेये बनवणाऱ्या कंपनीने ‘सर्फिनिया’ नावाचे लोंबते पेटुनिया बाजारात आणले होते आणि त्याने झाड नावानिशी विकण्याची पद्धत रूढ केली. तोवर ग्राहक ‘पेटुनियाचे रोप द्या’ म्हणत असे. त्यानंतर तो ‘सर्फिनिया द्या’ म्हणू लागला. रोपाच्या कुंडीत खोचलेली ती रंगीत प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावरील वाणाचे नाव, फुलाचे छायाचित्र आणि निगेच्या सूचना यांना येथे फार किंमत आहे. पेये विकणारी कंपनी जर फुले विकू शकते, तर खेळ विकणारी कंपनी फुलाच्या पट्टीवर आपले नाव का छापणार नाही?

माझ्या मते या जाहिरातीतील खरी हुशारी वेगळीच आहे. व्हिडिओ गेमच्या दुकानात जे जातात त्यांना खेळाची माहिती आधीच असते. रोपवाटिकेत मात्र घरातील आई आणि आजी जातात. वसंतात दोन-तीन कुंड्या घेऊन जाणाऱ्या बाईला ‘पिकमिन’ हे नाव तेथे प्रथम दिसले, तर घरी जाऊन ते ती मुलांपुढे उच्चारणार. ज्या खेळात मारामारीपेक्षा रोप उपटणे, जोपासणे आणि ओझी वाहणे अधिक आहे, त्याला हा ग्राहक परका नव्हता. मियामोतो यांनी केलेला खेळ नेहमीच्या मुलांपलीकडच्या लोकांना खेळावासा वाटावा अशी कंपनीची इच्छा असणे स्वाभाविक आहे.

हवामानाबद्दल सांगायचे तर बॅकोपा येथे वसंतात आणि शरदात उत्तम फुलते, आणि जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत व त्यानंतरच्या दमट उन्हाळ्यात हमखास हिरमुसते. लोक तेव्हा ते अर्ध्यावर छाटून सावलीत ठेवतात.

त्रयस्थ

योकोहामाकर यांचे विवेचन पटले. तरीही ‘प्रचारासाठी फूल’ या कल्पनेची दुसरी बाजू नोंदवून ठेवतो. शिझुओका प्रांतातील काकेगावा येथील कामो मोतोतेरू या जपानी बागतज्ज्ञाने १९८८ मध्ये लालभडक मोठ्या फुलांचा एक कंदवर्गीय बेगोनिया उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-इल यांच्या नावे केला. तो त्यांच्या वाढदिवसाला, म्हणजे १६ फेब्रुवारीला, फुलावा अशा बेताने वाढवला जातो आणि त्याची तेथे मोठाली प्रदर्शने भरतात. त्याआधी १९६५ मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी तेथील एक जांभळे ऑर्किड किम जोंग-इल यांचे वडील किम इल-सुंग यांना त्यांच्या नावासह भेट दिले होते. या फुलांना नावासह काम नेमून दिलेले आहे. पिकमिनच्या फुलाला केवळ नाव दिले होते. खेळाचा हंगाम ओसरल्यावर ते पुन्हा साधे ‘कबाना’ म्हणून जगू शकले, ही माझ्या दृष्टीने त्याची जमेची बाजू आहे.

नागपुरी_गेमर

किमसाहेबांच्या रांगेत आमच्या पिकमिनला बसवल्याबद्दल निषेध नोंदवतो.

गांभीर्याने एक भर घालतो. २०२१ च्या ऑक्टोबरात नायँटिक कंपनीने निंटेंडोबरोबर ‘पिकमिन ब्लूम’ हा मोबाइलवरील खेळ आणला. त्यात आपण रस्त्याने चालत राहिलो की आपल्या मागे नकाशावर फुलांची रांग उमटत जाते, आणि त्या फुलांसाठी लागणाऱ्या पाकळ्या मिळवण्यासाठी आपल्या पिकमिनना मधुरस पाजावा लागतो. २००१ मध्ये कंपनीने खेळातले फूल लोकांच्या कुंडीत नेले होते. आता लोकांच्या पायांखालचा रस्ता घेऊन तिने फुले पुन्हा पडद्यावर आणली. मला विचाराल तर पहिला मार्ग अधिक धाडसाचा होता, कारण पडद्यावरचे फूल कोमेजल्याची तक्रार घेऊन कोणी दुकानात येत नाही.

परसदार

सर्वांचे आभार. पैदाशीचा प्रश्न रोपवालेकाकांच्या खुलाशाने माझ्यापुरता निकालात निघाला: झाड आधीचे, नाव नंतरचे, आणि त्या दोहोंना एकत्र आणणारी निवड मात्र अस्सल. योकोहामाकर म्हणतात तो ग्राहकाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि या धाग्यातील तो मला सर्वांत मोलाचा वाटला. आता लागवडीबद्दल कोणी लिहील काय?

नाशिकची_कुंडी

मी गच्चीवर काही हिवाळे पांढरे बॅकोपा लावत आले आहे. ते ‘कबाना’ असल्याचा दावा मी करणार नाही, कारण आमच्याकडच्या नर्सरीत वाणाचे नाव विचारले की ‘व्हाइट आहे ताई, खूप फुलतं’ एवढेच उत्तर मिळते. तरीही निगा सारखीच असल्याने लिहिते.

या झाडाची सर्वांत फसवी सवय म्हणजे ते तहानले तरी तसे दाखवत नाही. झेंडू किंवा पेटुनिया पाणी कमी पडले की मान टाकतात आणि आपण धावत जातो. बॅकोपाची पाने मात्र तशीच ताठ राहतात. एक दिवस माती कोरडी पडली की ते मुकाट्याने फुले आणि कळ्या गाळून टाकते, आणि मग कितीही पाणी घातले तरी पुन्हा बहर यायला दोनेक आठवडे जातात. त्यामुळे पानांकडे न पाहता रोज बोट मातीत घालून पाहावे. टांगती कुंडी वाऱ्याने लवकर सुकते, म्हणून कोकोपीटबरोबर (नारळाच्या काथ्याचा भुसा) गांडूळखत आणि थोडी पोयटा माती मिसळावी. निव्वळ कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही आणि वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते.

दुसरी अडचण पिवळेपणाची आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातले लोह) पाण्यातून दिले की नवी पालवी हिरवी येते. शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी घालावे.

उन्हाचे म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत दिवसभराचे ऊन मानवते, फेब्रुवारीनंतर फक्त सकाळचे द्यावे. मार्च सरत आला की फुले थांबतात, आणि नाशिक-पुण्याच्या एप्रिलमध्ये झाड जगले तरी ते केवळ पाने घेऊन जगते. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला ते उन्हाळाभर फुलत असावे असे तेथील हवेवरून वाटते. मुंबई आणि कोकणच्या दमटपणात मात्र ते घेण्याआधी दोनदा विचार करावा. हवा खेळती नसेल तर आतल्या काड्यांवर राखाडी बुरशी धरते आणि झाड मधूनच विरळ होते.

अनघा_डोंबिवली

तेलाचा बेत रद्द केला आहे. पण वर्णने वाचून झाड घ्यावेसे वाटू लागले. बी मिळते का, की रोपच आणावे लागेल? आणि डोंबिवलीत आत्ता सप्टेंबरात लावले तर चालेल का?

तळेगावचा_रोपवाला

बियांपासून येणारे वाण पुढे निघाले आहेत, परंतु ते बी फार बारीक असते आणि घरी रुजवायला कटकटीचे पडते, म्हणून रोपच आणावे. रोप घेताना कुंडी उचलून खालच्या छिद्रातून मुळे पाहावीत. ती पांढरी असली तर घ्यावे, तपकिरी आणि मऊ असली तर ठेवून द्यावे. फुलांनी गच्च भरलेल्या रोपापेक्षा भरपूर फांद्या आणि कळ्या असलेले रोप निवडावे, कारण भरलेले रोप पॉलिहाऊसमधून थेट आलेले असते आणि घरच्या हवेत आल्यावर पहिल्या आठवड्यातच बहर गाळते.

नर्सरीवाल्याने नोंदणीकृत वाणाचे रोप दिले असेल तर त्याची कटिंग करून विकू नये, तो हक्क वाणाच्या मालकाचा असतो.

सप्टेंबरात मात्र लावू नका. पाऊस मागे सरला की ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि त्यात नवे रोप बसत नाही. दिवाळीच्या आसपास रात्री गार होऊ लागल्या की आणा, पूर्वेकडच्या गॅलरीत टांगा आणि पहिले दहा दिवस खत देऊ नका.